गेमिंग लॅपटॉपवर लिनक्स: आधी लॅपटॉप ओळखा, डिस्ट्रो मग निवडा

गेमिंग लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो: उबुंटू टाकू की फेडोरा? माझं म्हणणं असं की डिस्ट्रो, म्हणजे उबुंटू-फेडोरासारखा लिनक्सचा तयार संच, सगळ्यात शेवटी ठरवा. ऑफिसच्या साध्या लॅपटॉपवर कुठलाही चालू डिस्ट्रो टाकला तरी फारसं अडत नाही. गेमिंग लॅपटॉपमध्ये मात्र दोन-दोन ग्राफिक्स चिप असतात, पंखे आणि वॉट कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीने चालतात, आणि ते हाताळायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी बनतं. असुसचं आर्मरी क्रेट, लेनोवोचं व्हँटेज, एचपीचं ओमेन गेमिंग हब, एसरचं नायट्रोसेन्स, यातलं एकही लिनक्सवर येत नाही. त्यांच्याऐवजी काय मिळेल हे डिस्ट्रोवर थोडं आणि लॅपटॉपच्या मॉडेलवर खूप अवलंबून असतं.

म्हणून इथे क्रम तसाच ठेवला आहे. आधी गेम, मग ग्राफिक्स, मग कंपनी, आणि त्यानंतर डिस्ट्रो.

गेम कोणते खेळता?

स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॅल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच जोरावर हातात धरून खेळायचा स्टीम डेक बाजारात उतरवला. आज स्टीमवरचे एकट्याने खेळायचे बहुतेक गेम लिनक्सवर फारशी खटपट न करता चालतात. सायबरपंक २०७७, एल्डन रिंग, बाल्डर्स गेट ३, रेड डेड रिडेम्प्शन २ यांच्यासाठी विंडोज ठेवायची गरज नाही. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांची तर लिनक्ससाठीच बनवलेली आवृत्ती आहे. एपिक आणि जीओजीवर घेतलेले गेम हिरोइक लाँचरमधून चालतात.

अडतं ते अँटी-चीटपाशी, म्हणजे लबाडी करून खेळणाऱ्यांना पकडणाऱ्या यंत्रणेपाशी. व्हॅलोरंट, लीग ऑफ लीजंड्स, फोर्टनाइट, पबजी, कॉल ऑफ ड्यूटी, बॅटलफील्ड ६ हे गेम लिनक्सवर चालत नाहीत. एपेक्स लीजंड्स चालत होता, तो ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस बंद केला गेला. जीटीए ऑनलाइनचा दरवाजा त्याआधी सप्टेंबरमध्येच लागला. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही यंत्रणा २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण ती परवानगी द्यायची की नाही हे गेम बनवणारी कंपनी ठरवते. तुमच्या बाजूने कुठलीही सेटिंग बदलून हे सुटत नाही. कोणी आडवाटेचा उपाय दाखवला तरी त्याच्या नादी लागू नका, खातं कायमचं बॅन होऊ शकतं. गेम पासचे पीसी गेमसुद्धा इन्स्टॉल होत नाहीत, फक्त क्लाउडवरून खेळता येतात.

वेगाबद्दलही स्पष्ट सांगायला हवं. डायरेक्टएक्स आणि व्हल्कन हे गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातले दुवे. डायरेक्टएक्स ११ आणि व्हल्कनच्या गेममध्ये विंडोज आणि लिनक्स यांच्यात फरक सहसा जाणवत नाही. डायरेक्टएक्स १२ चे बरेच गेम मात्र एनव्हिडियाच्या कार्डावर लिनक्समध्ये हळू चालत आले आहेत. तुमच्याकडे सेकंदाला साठ-सत्तर फ्रेम्स मिळत असतील तर ही तूट डोळ्यांना दिसते. एएमडीच्या कार्डांवर हा त्रास बराच कमी आहे.

तेव्हा रोज रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळणं ठरलेलं असेल, तर विंडोज पूर्ण काढायचा विचार सोडा. मग प्रश्न एवढाच उरतो की लिनक्स त्याच्या शेजारी कसं बसवायचं. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

ग्राफिक्स: खरी मेख इथे आहे

बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरमधली छोटी ग्राफिक्स चिप असते आणि शेजारी एनव्हिडियाचं मोठं कार्ड असतं. स्क्रीन सहसा छोट्या चिपला जोडलेली असते. मोठं कार्ड गेमचं चित्र तयार करतं आणि छोट्या चिपकडे देतं, ती ते स्क्रीनवर दाखवते. ज्या लॅपटॉपमध्ये मक्स स्विच असतो, त्यात स्क्रीनची जोडणी थेट मोठ्या कार्डाकडे वळवता येते. यातून तीन मोड होतात. कुठला मोड तुमचा, हे कळलं की अर्धी डोकेदुखी टळते.

फक्त छोटी चिप चालू ठेवली तर बॅटरी सगळ्यात जास्त टिकते आणि पंखे बऱ्याचदा बंदच राहतात. पण लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट बऱ्याच मॉडेलमध्ये थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं. म्हणजे या मोडमध्ये प्रोजेक्टर किंवा बाहेरचा मॉनिटर लावला की स्क्रीन काळी. केबल खराब आहे असं समजून लोक नवी केबल आणतात! काही मॉडेलमध्ये यूएसबी-सीमधून निघणारं चित्र छोट्या चिपकडून येतं, त्यांच्यात हा प्रश्न येत नाही. विकत घेण्याआधी हे जरूर विचारा, किंवा त्या मॉडेलच्या माहितीपत्रकात शोधा.

फक्त मोठं कार्ड चालू ठेवणं हा दुसरा टोकाचा मोड. गेममध्ये थोडे जास्त फ्रेम्स मिळतात, जी-सिंक (स्क्रीनचा वेग फ्रेम्सशी जुळवणारी एनव्हिडियाची सोय) चालतो, कुठला प्रोग्राम कुठल्या चिपवर चालतोय हा गोंधळच राहत नाही. त्याची किंमत बॅटरीत मोजावी लागते. काही मॉडेलमध्ये या मोडमध्ये ब्राइटनेसची बटणंही काम करेनाशी होतात, मग कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, पर्याय बदलत बसावं लागतं. लॅपटॉप कायम टेबलावर आणि चार्जरला लावलेला असेल, तर हा मोड बिनधास्त घ्या.

बाकी सगळ्यांसाठी मधला, हायब्रिड मोड. एरवी छोटी चिप काम करते, गेम उघडला की मोठं कार्ड जागं होतं आणि गेम संपला की झोपतं. प्रोटॉनमधले गेम मोठं कार्ड आपोआप निवडतात. ब्लेंडरसारखे प्रोग्राम किंवा जुने ओपनजीएल गेम 'प्राइम-रन' ही कमांड लावून सुरू करावे लागतात. नोम डेस्कटॉपवर आयकॉनवर राइट क्लिक केलं तरी मोठ्या कार्डावर चालवायचा पर्याय दिसतो.

या मोडचं यश एका गोष्टीवर ठरतं: काम नसताना एनव्हिडिया खरंच झोपतं का? हिशेब करून बघा. बॅटरी ६० वॉट-अवरची आहे आणि ब्राउझर, एडिटर अशा कामाला लॅपटॉप १० वॉट खातो असं धरलं, तर सहा तास मिळतात. मोठं कार्ड रिकामं बसूनही जागं राहिलं आणि त्याने आणखी १० वॉट ओढले, तर तीनच तास उरतात. 'लिनक्सवर बॅटरी टिकत नाही' ही जी तक्रार सतत ऐकू येते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं.

ते तपासायची पद्धतही नीट माहीत हवी. एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड चालवून कार्ड किती वॉट खातंय हे बघायला गेलात, तर ती कमांडच झोपलेल्या कार्डाला उठवते. मग आकडा दिसतो आठ-दहा वॉटचा आणि माणूस चुकीच्या निष्कर्षावर येतो. टास्कबारवर कार्डाचं तापमान दाखवणारी विजेट्सही तेच करतात, आणि ती तर दर दोन-चार सेकंदांनी. त्याऐवजी सिस (/sys) फाइल सिस्टिममध्ये त्या कार्डाच्या पीसीआय फोल्डरात 'पॉवर' नावाचा फोल्डर असतो, त्यातली 'रनटाइम स्टेटस' ही फाइल वाचा. तिथे 'सस्पेंडेड' दिसलं तर कार्ड झोपलेलं आहे. 'अॅक्टिव्ह' दिसलं तर कोण जागं ठेवतंय ते शोधा. मॉनिटर एचडीएमआयला लावलेला असेल तर तोच कारण, आणि त्याला इलाज नाही.

ही झोपायची सोय ट्युरिंग पिढीपासून नीट मिळते, म्हणजे जीटीएक्स १६ मालिका आणि आरटीएक्स २० पासून पुढे. त्याआधीच्या जीटीएक्स १०५० आणि १०६० मध्ये ती नाही. शिवाय त्या पास्कल पिढीसाठी एनव्हिडियाची ५८० ही ड्रायव्हर-शाखा शेवटची ठरली. जुन्या बाजारात १०५० चा लॅपटॉप स्वस्तात मिळतोय म्हणून लिनक्ससाठी घेऊ नका. दोन-पाच हजार जास्त घालून १६५० घ्या. दुसऱ्या टोकाला, आरटीएक्स ५० मालिका एनव्हिडियाच्या फक्त ओपन कर्नल मॉड्यूलवर (ड्रायव्हरचा कर्नलला जोडला जाणारा भाग) चालते. हे मॉड्यूल एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये खुलं केलं. उबुंटूत ड्रायव्हर निवडताना नावात 'ओपन' असलेलाच घ्या, नाहीतर नव्याकोऱ्या लॅपटॉपवर काळ्या स्क्रीनकडे बघत बसाल.

आणखी एक गोष्ट, जी विकत घेताना कोणी सांगत नाही. खोक्यावर लिहिलेलं असतं की आरटीएक्स ४०६० हे कार्ड १४० वॉटपर्यंत जातं. लिनक्समध्ये ते ११५ वर अडकलेलं दिसतं. वरचे २५ वॉट डायनॅमिक बूस्टचे असतात. ते मिळायला 'एनव्हिडिया-पॉवरडी' नावाची सेवा चालू असावी लागते, आणि ती सगळीकडे आपोआप चालू होत नाही. एकदा चालू केली की झालं.

एएमडीचं कार्ड असलेल्या लॅपटॉपवर यातलं बरंच काही नसतंच. ड्रायव्हर कर्नलमध्ये आणि मेसा या खुल्या ग्राफिक्स संचात असतो, वेगळा टाकायचा नाही, सिक्युअर बूटसाठी (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरू होतानाच अडवणारी सोय) सही करायची नाही. लिनक्सच्या दृष्टीने ही जोडी सरळ वरचढ आहे. दोन अडचणी आहेत. असे लॅपटॉप आपल्याकडे मोजकेच मिळतात, आणि कुडा, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर गणिती कामं चालवायची एनव्हिडियाची प्रणाली, त्यांच्यावर चालत नाही. मशीन लर्निंग शिकायचं असेल, कॉलेजचा प्रोजेक्ट पायटॉर्चवर असेल, तर एनव्हिडियाच घ्या आणि वरची काळजी घ्या. फक्त गेम आणि प्रोग्रामिंग असेल आणि असुस टफ ए१६ सारखं एखादं पूर्ण एएमडी मॉडेल चांगल्या भावात मिळत असेल, तर मी क्षणभरही थांबणार नाही.

कंपनीनुसार फरक: पंखे, पॉवर मोड, चार्जिंगची मर्यादा

आधी एक भीती दूर करतो. लिनक्सवर कंपनीचं सॉफ्टवेअर नाही म्हणून लॅपटॉप जळत नाही. पंखे आणि तापमान मदरबोर्डवरचा एम्बेडेड कंट्रोलर सांभाळतो, तो ऑपरेटिंग सिस्टिमला विचारत नाही. प्रश्न असतो तो 'सायलेंट', 'बॅलन्स्ड', 'परफॉर्मन्स' हे मोड बदलता येतात का, पंख्यांचा वेग आपल्याला ठरवता येतो का आणि चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येतं का, याचा. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना गेम खेळणाऱ्याला पंख्यांचा ताबा ही चैन वाटत नाही, गरज वाटते.

या बाबतीत असुस पुढे आहे, आणि त्याचं श्रेय असुस-लिनक्स या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाला. असुस-सीटीएल या साधनाने रॉग आणि टफ मालिकेत मोड, पंख्यांचा आलेख, कीबोर्डचे दिवे, चार्जिंगची मर्यादा हे सगळं जमतं. त्याचंच भावंड सुपर-जीएफएक्स-सीटीएल ग्राफिक्सचे मोड बदलतं. या मंडळींनी बरंचसं काम थेट मूळ कर्नलमध्ये नेलं आहे. चार्जिंगची मर्यादा तर कर्नल ५.४ पासून आहे. कुठलंही साधन न टाकता एका फाइलीत ८० हा आकडा लिहिला की काम होतं.

लेनोवोचे लीजन आणि एलओक्यू हे माझ्या मते दुसऱ्या क्रमांकावर, पण अगदी जवळ. त्यांची एक गोष्ट मला फार आवडते: एफएन आणि क्यू दाबलं की मोड हार्डवेअरमध्येच बदलतो. पॉवर बटणाचा दिवा निळा झाला तर शांत मोड, पांढरा तर मधला, लाल तर पूर्ण जोर. विंडोज असो, लिनक्स असो, की अजून काहीच टाकलेलं नसो, हे चालतं. बॅटरी जपणारा कन्झर्व्हेशन मोड कर्नलच्या आयडियापॅड ड्रायव्हरमधून चालू करता येतो. पंख्यांचा आलेख हवा असेल तर लेनोवो-लीजन-लिनक्स हे बाहेरचं मॉड्यूल टाकावं लागतं. ते तुमच्या मॉडेलला ओळखतं का हे आधी तपासा. कर्नल ६.१७ पासून लेनोवोच्या गेमिंग मालिकेचे ड्रायव्हर मूळ कर्नलमध्येही आले आहेत.

एचपी व्हिक्टस आणि ओमेन भारतात भरपूर विकले जातात, किंमतही चांगली असते. कर्नलच्या एचपी ड्रायव्हरमधून पॉवर मोड बदलतात, पंख्यांवर मात्र हात मर्यादितच चालतो. एसरच्या नायट्रो आणि प्रेडेटरसाठी लिनुवू-सेन्स हा बाहेरचा प्रकल्प बरंच काही देतो, पण मॉडेलगणिक नशीब वेगळं. एमएसआयचा एम्बेडेड कंट्रोलरचा ड्रायव्हर २०२३ मध्ये कर्नल ६.४ मध्ये आला, पण त्यातही तुमच्या फर्मवेअरचा क्रमांक यादीत असावा लागतो. डेलच्या जी मालिकेत जी-मोड चालतो.

कीबोर्डच्या रंगीत दिव्यांसाठी ओपनआरजीबी आहे. चालले तर उत्तम, नाही चालले तर त्यापायी लॅपटॉप नाकारू नका.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना एक वेगळी वाट आहे. जर्मनीत आउग्सबर्गची टक्सिडो आणि अमेरिकेत डेन्व्हरची सिस्टम७६ या कंपन्या लिनक्स घालूनच गेमिंग ताकदीचे लॅपटॉप विकतात. पंखे आणि पॉवरची साधनं त्यांची स्वतःची, आणि काही बिघडलं तर 'विंडोज टाकून बघा' असं ऐकून घ्यावं लागत नाही. तिकडे असाल तर आधी हेच बघा. इथून मागवायचं म्हटलं की सीमाशुल्क आणि दुरुस्तीची सोय या दोन्हींनी गणित बिघडतं.

मग डिस्ट्रो

इथवर आलात तर निवड बरीच सोपी झाली असेल. नियम एकच: लॅपटॉप जितका नवा, तितकं कर्नल नवं हवं.

लॅपटॉप दोन-तीन वर्षं जुना असेल तर उबुंटू एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) किंवा लिनक्स मिंट पुरेसं आहे. एनव्हिडियाचा ड्रायव्हर एका खिडकीतून टाकता येतो, प्राइम-सिलेक्टने ग्राफिक्सचा मोड बदलतो, आणि अडलात तर उत्तर शोधायला सगळ्यात सोपं. सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं. पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर एमओके, म्हणजे ड्रायव्हरच्या सहीची किल्ली, नोंदवायचा पर्याय येतो. तिथे घाईने 'कंटिन्यू बूट' दाबू नका. 'एनरोल एमओके' निवडा आणि तोच पासवर्ड द्या. ही पायरी निसटली की ड्रायव्हर टाकलेला असूनही लोड होत नाही, आणि दोष मात्र उबुंटूला मिळतो.

नव्या लॅपटॉपसाठी फेडोरा. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते, मधल्या काळात कर्नल अद्ययावत होत राहतं, त्यामुळे नवं वायफाय, नवे स्पीकर, नवे लेनोवो-असुस ड्रायव्हर लवकर मिळतात. एनव्हिडियासाठी आरपीएम फ्यूजनचं भांडार जोडावं लागतं. तिथला ड्रायव्हर तुमच्या मशीनवर मॉड्यूल बांधतो, त्याला काही मिनिटं लागतात. अपडेट संपल्या संपल्या रीस्टार्ट केलंत तर मॉड्यूल अर्धवट राहतं आणि डेस्कटॉप रखडत उघडतो. पाच मिनिटं थांबा, इतकंच. पॉवरचं एक पथ्य इथे सांगून ठेवतो: फेडोरा ४१ पासून ट्यून्ड नावाचं साधन पॉवर सांभाळतं. त्यावर टीएलपी हे तसंच दुसरं साधन टाकलं की दोघं एकमेकांच्या सेटिंग मोडत बसतात. कुठल्याही डिस्ट्रोवर पॉवर सांभाळणारं साधन एकच ठेवा.

बझाइट फेडोरावरच बांधलेलं आहे, पण त्याची मूळ सिस्टिम एकसंध प्रतिमा म्हणून येते आणि तशीच अपडेट होते. एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्या प्रतिमेत बसवलेला असतो, तुम्हाला मॉड्यूल बांधावं लागत नाही. अपडेटने काही बिघडलं तर बूट होताना आधीची प्रतिमा निवडायची. ज्याला टर्मिनलमध्ये रमायचं नाही, फक्त गेम खेळायचे आहेत, त्याला मी आज हेच सुचवतो. घरातल्या दहावी-बारावीच्या मुलाच्या हातीसुद्धा हे निर्धास्त देता येतं. मर्यादा ही की मूळ सिस्टिममध्ये हवं ते घुसवणं अवघड आहे. तुमच्या लॅपटॉपच्या पंख्यांसाठी बाहेरचं मॉड्यूल लागत असेल तर बझाइट घेण्याआधी दोनदा विचार करा.

कॅशीओएस हे आर्च या सतत अद्ययावत होणाऱ्या डिस्ट्रोवर आधारलेलं. हार्डवेअर ओळखून ड्रायव्हर स्वतः टाकतं, सगळं ताजं असतं. अपडेट नेमाने करणाऱ्या, बातम्या वाचून मग अपडेट करणाऱ्या माणसासाठी उत्तम. असुसच्या नव्या मॉडेलवर मी याला फेडोराच्या बरोबरीने ठेवेन. बीटीआरएफएस फाइल सिस्टिम आणि स्नॅपशॉट (बिघडलं तर मागे जायला सिस्टिमची जपलेली स्थिती) मात्र पहिल्या दिवशीच लावून घ्या.

मराठी टंकलेखनाची सोय या सगळ्यांवर आहे. कीबोर्डच्या यादीत इनस्क्रिप्टबरोबर मराठी कागप हा उच्चारानुसारी पर्यायही सापडेल.

विंडोज ठेवायचं की काढायचं

अँटी-चीटवाले गेम, सॉलिडवर्क्स, ऑटोकॅड, फोटोशॉप किंवा कॉलेजच्या परीक्षेचं प्रॉक्टरिंग सॉफ्टवेअर यातलं काहीही लागत असेल तर विंडोज ठेवा. आणखी एक कारण बायोसचं, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरचं. असुसच्या लॅपटॉपचं बायोस पेन ड्राइव्हवरून, बायोसमधूनच अपडेट करता येतं. लीजनसारख्या काही मालिकांचे अपडेट मात्र विंडोजवर चालणाऱ्या फाइलीच्या रूपातच येतात. शंभरेक जीबीची जागा विंडोजला ठेवणं यासाठीसुद्धा परवडतं.

दोन्ही ठेवायचं तर एकाच एसएसडीचे तुकडे करण्यापेक्षा दुसरी एसएसडी बसवा. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये एम.२ ची दुसरी जागा रिकामी असते. लिनक्सचं बूट विभाजनही त्याच एसएसडीवर करा, म्हणजे विंडोजच्या अपडेटचा त्याला धक्का लागत नाही आणि उद्या लिनक्स काढायचं झालं तर एसएसडी उपसली की संपलं. हात घालण्याआधी बिटलॉकरची (विंडोजची डिस्क कुलूपबंद करणारी सोय) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. बायोसमध्ये काही बदललं की विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा गेलाच समजा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. गेमची एकच लायब्ररी दोघांत वाटून घ्यायला विंडोजचं एनटीएफएस विभाजन वापरू नका, प्रोटॉन तिथे कुरकुरतं.

व्हॅलोरंटवाल्यांनी इथे नीट लक्ष द्या. विंडोज ११ वर हा गेम सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) मागतो. 'लिनक्स टाकायला सिक्युअर बूट बंद करा' हा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळलात तर विंडोजमध्ये परत गेल्यावर व्हॅलोरंट उघडणार नाही. दर वेळी बायोसमध्ये जाऊन ते चालू-बंद करणं आठवडाभरातच नकोसं होतं. अशा माणसाने उबुंटू, फेडोरा किंवा बझाइट घ्यावं, ती सिक्युअर बूट चालू ठेवून बसतात. कॅशीओएस किंवा आर्चवर हे एसबी-सीटीएल नावाचं साधन वापरून हाताने करावं लागतं, आणि त्यात मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या सोबत नोंदवायला विसरलं तर काही लॅपटॉप सुरूच होत नाहीत. पहिल्यांदाच लिनक्स वापरणाऱ्याने हा धोका पत्करू नये.

आणि ज्याला लिनक्स फक्त पायथन, डॉकर, कुडा यांच्यासाठी हवंय, त्याने विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल २ आधी वापरून बघावं. कुडा तिथे चालतं. ग्राफिक्सचे मोड, पंखे, झोप, यातलं काहीच सोडवत बसावं लागत नाही. लिनक्सवर माझा कितीही जीव असला तरी अशा विद्यार्थ्याला सेमिस्टरच्या मध्यावर लॅपटॉपवर लिनक्स टाकायला मी सांगणार नाही.

लाइव्ह यूएसबीवर काय बघायचं

कायमचं टाकण्याआधी फेडोरा किंवा उबुंटू पेन ड्राइव्हवरून चालू करून अर्धा तास वापरा. नवा लॅपटॉप असेल तर हे परत करायची मुदत संपण्याआधी करा.

पहिलं वायफाय. इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० असेल तर निश्चिंत राहा. मीडियाटेकची एमटी७९२१, एमटी७९२२ ही कार्डं आता बऱ्यापैकी चालतात. रिअलटेकच्या आरटीएल८८५२बीई ला कर्नल ६.२ किंवा नवं लागतं. फारच त्रास देत असेल तर हे कार्ड बहुतेक लॅपटॉपमध्ये बदलता येतं. मात्र एएक्स२११ आणू नका, ते इंटेलच्याच ठरावीक प्रोसेसरबरोबर चालतं, एएमडीच्या लॅपटॉपमध्ये चालत नाही.

दुसरं स्पीकर. आवाज येतोय एवढ्यावर समाधान मानू नका, पूर्ण मोठा करून ऐका. काही असुस आणि लीजन मॉडेलमध्ये स्पीकरना वेगळे अॅम्प्लिफायर असतात. कर्नलला ते ओळखता आले नाहीत तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. नव्या कर्नलवर हे बऱ्याचदा सुटतं, म्हणून दोन वेगवेगळ्या डिस्ट्रोंवर ऐकून बघा.

तिसरं झोप. झाकण मिटा, पाच मिनिटांनी उघडा. स्क्रीन, वायफाय, टचपॅड तिन्ही परत आले पाहिजेत. अर्थात एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकल्यावर ही चाचणी पुन्हा करावी लागते, कारण झोपेतून उठताना चित्र विस्कटणं किंवा काळी स्क्रीन येणं हे प्रकार त्या ड्रायव्हरनंतरच सुरू होतात. तेव्हा एनव्हिडियाच्या सस्पेंड आणि रिझ्यूम या सेवा चालू आहेत का ते बघा. बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये जुनी एस३ झोप, जिच्यात जवळजवळ सगळं बंद होतं, ती नसते. कर्नलच्या 'मेम स्लीप' फाइलीत फक्त 'एस२आयडल' दिसत असेल, तर झाकण मिटल्यावरही लॅपटॉप थोडी वीज खात राहतो आणि क्वचित जागा होऊन बॅगेत तापतो. पुण्याहून नागपूरला रात्रीच्या गाडीने निघताना झाकण मिटून बॅगेत कोंबू नका, पूर्ण बंद करा.